सोपा फराळ, पण कुणासाठी?

गेल्या दिवाळीच्या दहा दिवस आधी आईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे पिळायचं नाही, मळायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने पहिला प्रश्न विचारला, "मग चकल्यांचं काय?"

पाडव्याला आमच्याकडे बारा-पंधरा माणसं येतात. मी म्हटलं, मी करतो. विकत आणणं हा पर्याय होताच, पण मला थोडी खुमखुमी होती. कामावर रात्री-बेरात्री कोसळलेले सर्व्हर उभे करतो, चकली काय चीज आहे? फोनवर 'सोपा फराळ' असं शोधलं. 'दहा मिनिटांत चिवडा', 'भाजणीशिवाय चकली', 'पाकाशिवाय लाडू' असं बरंच काही निघालं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, फराळ सोपाच असतो. पाहुणे आले की डबा उघडायचा आणि बशी भरायची. आधी कुणीतरी करून ठेवलेला असला म्हणजे झालं."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. चकल्या तर करायच्या होत्याच, पण त्याच्या आधी मी पुस्तकं काढून बसलो.

फळांपासून तळणापर्यंत

सुरुवात शब्दापासूनच करू. 'फराळ' हा संस्कृत 'फलाहार' या शब्दाचा मराठी अवतार. म्हणजे मुळात उपवासाच्या दिवशी धान्य टाळून खाल्लेलं फळ-मूळ. आजही आपण 'उपवासाचा फराळ' म्हणतो तेव्हा तो अर्थ शिल्लक असतो. दिवाळीला मात्र त्याच शब्दाखाली बेसन, मैदा, साखर आणि तेलाचा डोंगर येतो. जेवण नव्हे असं खाणं, एवढाच धागा दोन्हींत उरलाय.

त्या उपवासाच्या फराळाकडेही जरा बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचं मराठी नाव थेट पोर्तुगीजांकडून आलेलं. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही तिकडचीच. आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी होती. पोर्तुगीज जहाजांतून नवं फळ आलं, तर त्याला आपण मिरीवरूनच नाव दिलं. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोही अमेरिकेतला. म्हणजे वसिष्ठ-विश्वामित्रांना साबुदाण्याची खिचडी दिली असती तर त्यांना त्यातलं फक्त जिरं आणि तूप ओळखता आलं असतं.

दिवाळीच्या ताटाचीही तीच गत. शंकरपाळीचा शंकराशी संबंध नाही. फारसीत 'शकर' म्हणजे साखर आणि 'पारा' म्हणजे तुकडा. शकरपारा दख्खनमध्ये आला आणि कुणीतरी त्याचं परस्पर बारसं केलं. चिवड्यातला काजू ब्राझीलचा आहे आणि त्याचं नावही तिथल्या लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आलंय. चिवड्यातले पोहे मात्र अस्सल जुने. संस्कृतात त्यांना 'पृथुक' किंवा 'चिपिटक' म्हणत. सुदामा कृष्णाकडे गेला तेव्हा त्याच्या पुरचुंडीत तेच होते. पाहुण्याने यजमानाकडे नेलेल्या खाऊची आपल्याकडची ही सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. पोहे कोरडे असतात, हलके असतात, टिकतात, आणि गरिबाच्या घरीही सापडतात.

तळणाचा इतिहासही जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा त्याच्या राज्यात होता. त्यातल्या अन्नभोग या भागात मंडक, वटक, घारिका अशी नावं भेटतात. मांडे, वडे आणि घारगे आठवावेत अशी. सतराव्या शतकात रघुनाथ नावाच्या पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिलं, त्यात जिलबीची कृती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी अशा एकेका पदार्थाचा, आणि दिवाळीच्या सणाचाही, जुन्या ग्रंथांतून माग काढला. आज आपण फोनवर दोन मिनिटांत 'ही तर आपली पाच हजार वर्षांची परंपरा' असं फॉरवर्ड करतो. एका जिलबीची वंशावळ लावायला त्यांना हस्तलिखितं चाळावी लागली होती.

पण हे सगळे ग्रंथ राजाचे किंवा पंडिताचे. पीठ कुणी दळलं, ते त्यांत येत नाही.

टिकणं आणि बाटणं

फ्रीज नसलेल्या घरात पाहुणा कधीही टपकू शकतो. अशा वेळी घरात काय असावं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फराळ. तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलं की पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. चकली तेलात सोडल्यावर बुडबुडे येतात ते याच वाफेचे, आणि बुडबुडे कमी झाले की चकली झाली. पाणी नाही म्हणजे बुरशी नाही. लाडवात दुसरी युक्ती आहे. साखरेचा पाक उरलेलं पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, जंतूंना मिळू देत नाही. तळलेला असो की पाकातला, पदार्थ पंधरा-वीस दिवस निर्धास्त राहतो. शेवटी खवट होतो, पण नासत नाही.

टिकण्याइतकंच दुसरं एक कारणही होतं, आणि ते आपण आता विसरलोय. सोवळ्या-ओवळ्याच्या जगात पाण्यात शिजवलेलं अन्न सगळ्यात नाजूक. भात, वरण, भाकरी कुणी शिजवली, कुणी शिवली, यावर ते खायचं की नाही हे ठरे. दुधात भिजवलेलं, तुपात तळलेलं किंवा कोरडं असेल तर नियम सैल होत. प्रवासाला दशमी नेत ती याचसाठी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं की ती 'चाले'. म्हणजे कोरडा, तळलेला खाऊ हा जातीच्या भिंतीतल्या एका फटीसारखा होता. जेवायला बोलावता येत नाही अशा माणसापुढे निदान बशी ठेवता येत होती. अर्थात ही फट सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांना अंगणातच उभं केलं जाई, त्यांच्या ओंजळीत वरूनच खाऊ पडे.

पाहुण्यापुढे ठेवलेल्या बशीवरून काय रामायण होऊ शकतं, ते पुण्याने १८९० मध्ये पाहिलं. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा प्यायला, कुणी कपाला नुसता हात लावला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी मंडळ बसलं, बहिष्काराची भाषा झाली. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांच्या अग्रणीने एका कप चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं, याचं त्यांच्या अनुयायांनाही वाईट वाटलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाबद्दल लिहिलंय.

आज 'चहा घेणार?' हा प्रश्न आपण पाणी घेणार का इतक्या सहज विचारतो. तो सहज होण्यामागे अशी भांडणं आहेत. 'या, फराळाला या' हेही तसंच.

आजीची दिवाळी

इथवर वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. ती बार्शीजवळच्या गावात राहते. म्हटलं, तुझ्या लहानपणी दिवाळीला चकली कशी करायचे? ती हसायलाच लागली. "कसली चकली? आमाला साच्या कुठला? कापण्या असायच्या. गूळ-गव्हाच्या. लई झालं तर कानवले. तेलाची कढई वर्सातनं दोनदा चढायची."

मला धक्का बसला. आमच्या घरातल्या चकल्या 'आजीच्या हातच्या' परंपरेतून आल्यात, असं मी कुणी न सांगताच गृहीत धरलं होतं.

आजीने मग १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. हे वर्ष महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत कुणाला ना कुणाला आठवतं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे. गव्हाचं पीठ, गूळ, तेल असं एकत्र केलेला तो पौष्टिक भुगा. त्या वर्षात एकदा तिचा थोरला भाऊ अचानक आला. घरात द्यायला काही नव्हतं. तिने पोरांच्या वाट्याची सुकडी काढली, गुळाच्या पाण्याचा हात लावून तिचे चार लाडू वळले आणि पितळीत ठेवले. भावाने एक खाल्ला, तीन पोरांच्या हातावर ठेवले.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? पावना रिकाम्या तोंडानं गेला न्हाई."

सोप्या फराळाची याहून नेमकी कृती मला कुठल्याच चॅनलवर सापडली नाही.

डब्याचा काळ

मग आमच्याकडे चकली आली कधी? आई सांगते, तिच्या लग्नानंतर. वडिलांना सरकारी नोकरी लागली, सोलापुरात वसाहतीत क्वार्टर मिळालं. शेजारच्या बायकांनी तिला भाजणी शिकवली. बाकीचं तिने पुस्तकातून उचललं. ते पुस्तक अजून आमच्याकडे आहे, पानं तेलकट झालेली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'.

मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं त्याच्या खूप आधीपासून होती. 'सूपशास्त्र' १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं. 'रुचिरा' आलं १९७० मध्ये, आणि त्याने एक साधी गोष्ट केली. मापं वाटी-चमच्यांत दिली. शेर-तोळे गेले, 'अंदाजाने' गेलं. सासू-आईपासून लांब, दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला ज्याची गरज होती ते हेच. आमच्यासारख्यांच्या भाषेत सांगायचं तर तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचं पहिल्यांदा नीट डॉक्युमेंटेशन झालं. माझ्या आईसारख्या बाईला, जिच्या माहेरी चकली कधी झालीच नाही, तिला त्या पुस्तकाने एक दार उघडून दिलं. भरलेलं फराळाचं ताट हे 'आपणही आता व्यवस्थित आहोत' असं सांगणारं ताट होतं.

या ताटाला मालही नव्याच काळाने पुरवला. दळण जात्यावरून विजेच्या गिरणीत गेलं. दिवाळीआधी गिरणीत रांग आणि भाजणीच्या डब्यावर सूचना, 'गव्हावर दळू नका'. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग एकामागून एक कारखाने आले, आणि गुळाच्या घरांत साखर शिरली. तुपाची जागा वनस्पती तुपाने घेतली. १९३७ च्या सुमारास बाजारात आलेल्या डालडाने 'साजूक तूप परवडत नाही' ही अडचण सोडवली, आणि बरोबर 'हे शुद्ध की अशुद्ध' असं भांडणही आणलं. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी अशी मोठी मागणी झाली होती. बंदी काही आली नाही. उलट त्याचे ताडाचं झाड छापलेले पिवळे डबे रिकामे झाले की त्यांतच चकल्या भरल्या जाऊ लागल्या.

सरकारलाही पाहुण्यांची धास्ती होती. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत धान्याची ओढाताण असताना काही राज्यांनी चक्क पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश काढले. कार्यक्रमात किती माणसांना जेवू घालायचं हे कायदा ठरवणार! अशा टंचाईत साखर-रवा महिनोन् महिने थोडा थोडा बाजूला काढून ठेवायचा आणि दिवाळीला ताट भरायचं, हे काम बायकांनी केलं. हिशेब त्यांच्या डोक्यात असे. तो कुठल्याच वहीत सापडत नाही.

याच काळात या कामाला पहिल्यांदा किंमतही आली. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. घरात जे काम 'तिचं तर रोजचंच' होतं, त्याला बाहेर भाव होता. आज आपण तयार फराळ मागवतो, तो बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी बाईच्या मनगटातून आलेला असतो. आपलं काम सोपं झालं म्हणजे ते कमी झालं असं नाही. ते दुसऱ्या स्वयंपाकघरात गेलं.

माझ्या चकल्या

आता प्रयोगाचा निकाल. पहिला घाणा तेलात विरघळला. कढईत चकलीऐवजी वाळू तरंगत होती. आई खुर्चीत बसून म्हणाली, "मोहन जास्त झालं." मोहन म्हणजे पिठात घातलेलं कडकडीत तेल. ते पिठाच्या कणांना वेगळं ठेवतं, म्हणून चकली खुसखुशीत होते. जास्त झालं तर कण एकमेकांना धरतच नाहीत, कमी झालं तर चकली दगड होते. दुसऱ्या घाण्याला मी मोहन कमी केलं. चकली झाली, पण कुणाला मारली असती तर रक्त आलं असतं. तिसरा घाणा जमला. साच्या पिळताना तळहाताला वळ उठले आणि मनगटात एक बारीक कळ सुरू झाली. बावीस चकल्या झाल्या होत्या. आई दर वर्षी दोनशेच्या वर करते. गेली पस्तीस वर्षं.

मी हिशेब करायला लागलो आणि मध्येच थांबलो. ऑपरेशन का करावं लागलं, या प्रश्नाचं डॉक्टरांनी दिलेलं उत्तर 'वय आणि सततचं काम' असं होतं. ते काम म्हणजे फक्त चकल्या नाहीत हे मला कळतं. पण ते माझ्या हाताला पहिल्यांदाच कळलं.

अनारशांच्या वाटेला मी गेलोच नाही. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, दळायचे, गूळ घालून पुन्हा ठेवायचे, आणि एवढं करून तो कढईत हसला की सगळं संपलं. या 'हसण्या'त विनोद नाही, हे तो करणाऱ्यांनाच माहीत.

पाडव्याला दोन दिवस उरले होते. तेव्हा ऑफिसातल्या एका गोव्याच्या मैत्रिणीने वाट दाखवली. तिच्याकडे नरकचतुर्दशीच्या सकाळी दिवाळीचा मान पोह्यांचा. त्यांना ते 'फोव' म्हणतात. दुधा-गुळातले फोव, दह्या-ताकातले फोव, नारळाच्या रसातले फोव, तिखट फोडणीचे फोव. शेजारपाजारी एकमेकांकडे जाऊन खायचे. कोकणातही बऱ्याच घरांत असंच असतं. भात नुकताच कापलेला असतो, त्याचे पोहे ताजे असतात, म्हणून सणाला पोहे. अळणी तर्क वाटेल, पण सण बहुधा असेच बनतात. तळण नाही, साच्या नाही, आदल्या आठवड्याची तयारी नाही. पाहुण्यांसमोर अर्ध्या तासात चार वाडगे.

आईला सांगितलं तर ती आधी नाराज झाली. "पाडव्याला पोहे? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, सुदाम्याने नेले तर चालले ना? ती म्हणाली, "तो पाहुणा होता. आपण यजमान आहोत." हा मुद्दा मला खोडता आला नाही. तरी केले. पातळ पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची. जाड्या पोह्यांत दही, आलं, हिरवी मिरची, वरून फोडणी. एक वाडगा साध्या चिवड्याचा. त्यासाठी पोहे ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीत वाळवले, मग मंद आचेवर कोरडे भाजले. आणि मधोमध ताटलीत माझ्या बावीस चकल्या.

पाहुणे आले. सगळ्यांनी दह्यातले पोहे दोनदा घेतले. एका काकूंनी चकली उचलली, चावली आणि सवयीने आईकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, यंदा जरा कडक झाल्यात हं."

आई पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून पाहुण्यांच्याच रांगेत बसली होती. त्या घरात तिला पाडव्याला बसलेलं मी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ती म्हणाली, "मी नाही केल्या. त्याला सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "अरे वा! तू केल्यास? मस्तच झाल्यात की!"

आई माझ्याकडे बघून हसली. पस्तीस वर्षांत तिला कडक चकलीवर अशी सूट मिळालेली नव्हती.